पशुविकृतिवैज्ञानिक : व्यवसायाची वाटचाल

पशुविकृतिवैज्ञानिक : रोगामुळे प्राण्यांची इंद्रिये, ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचे म्हणजे पेशींचे समूह) आणि शरीरद्रव यांत जे बदल होतात, त्यांचा अभ्यास करून रोगाचे कारण व स्वरूप यांविषयी निर्णय देणाऱ्या तज्ञ पशुवैद्यास पशुविकृतिवैज्ञानिक म्हणतात. सर्वसाधारण पशुवैद्य जिवंत जनावरावर उपचार करतो. विकृतिवैज्ञानिकाचे काम पुष्कळदा जनावर मेल्यानंतर सुरू होते. शवपरीक्षा, निरनिराळ्या ऊतकांचे रंजित केलेले पातळ छेद व सूक्ष्मदर्शक ही त्याची प्रमुख साधने होत. एका जनावराच्या मृत्यूचे कारण कळले, तर कळपातील उरलेली जनावरे वाचविता येतात. रोग माणसास होण्यासारखा असेल, तर माणसांचेही रक्षण करता येते.

या व्यवसायाचे वैशिष्ट्य तुलनेत आहे. वैद्यकातील विकृतिवैज्ञानिक आयुष्यभर एकाच जातीच्या, म्हणजे मानवाच्या, ऊतकांचे परीक्षण करतो. पशुविकृतिवैज्ञानिकाला गाय, घोडा, मेंढी, कुत्रा, कोंबडी व वन्य प्राणी यांच्या ऊतकांतील सारखेपणा आणि भेद ओळखावे लागतात. या सवयीमुळे मानवी वैद्यकातील एक मोठे कोडे सुटण्यास कशी मदत झाली, हे अमेरिकन पशुविकृतिवैज्ञानिक विल्यम हॅडलो (१९२१–२०१५) यांच्या वाटचालीवरून स्पष्ट होते.

पूर्वपीठिका : पशुवैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण फ्रान्समध्ये लीआँ येथे क्लोद बूर्झला यांनी १७६२ मध्ये सुरू केलेल्या विद्यालयापासून मिळू लागले. या काळात बुळकांड्या रोगाने यूरोपातील गुरांचे अतोनात नुकसान होत होते आणि शेतीचे संरक्षण हाच विद्यालयाच्या स्थापनेमागील प्रमुख हेतू होता. एकोणिसाव्या शतकात जर्मन वैज्ञानिक रूडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांनी रोगाचे मूळ कोशिकांतील बदलांत शोधण्याची पद्धत रूढ केली. मानवाचे व जनावरांचे वैद्यक मुळात एकच आहे, असे त्यांचे मत होते. कॅनडातील विख्यात वैद्य विल्यम ऑस्लर (१८४९–१९१९) यांनी माँट्रिऑल येथे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांबरोबरच पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही शिकविले. तथापि विसाव्या शतकात विशेषीकरण वाढत गेले, तशा या दोन शाखा एकमेकींपासून दूर गेल्या. त्यांची महाविद्यालये, नियतकालिके व परिषदा निरनिराळ्या झाल्या आणि एका शाखेतील ज्ञान दुसरीत सहजासहजी पोहोचेनासे झाले.

भारतात जनावरांच्या सांसर्गिक रोगांच्या अभ्यासासाठी १८८९ मध्ये पुणे येथे शासकीय प्रयोगशाळा स्थापन झाली. रोगकारक जंतूंवर वस्तीपासून दूर व थंड हवेत काम करता यावे म्हणून ती १८९३ मध्ये कुमाऊँ टेकड्यांतील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ही या प्रयोगशाळेचेच विकसित रूप होय. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय त्याआधी, १८८६ मध्ये, सुरू झाले होते.

अमेरिकेत पशुविकृतिवैज्ञानिकांची स्वतंत्र व्यावसायिक संस्था १९४९ मध्ये स्थापन झाली. परीक्षा घेऊन तज्ञतेची मान्यता देण्याचे काम ती करते. पशुवैद्यक पदवीनंतर काही वर्षे अनुभवी विकृतिवैज्ञानिकाच्या हाताखाली शवपरीक्षा व ऊतकपरीक्षा करणे आणि नंतर ही परीक्षा उत्तीर्ण होणे, हा त्या देशातील व्यवसायाचा राजमार्ग ठरला. हॅडलो यांची कारकीर्द सुरू झाली, ती याच सुमारास.

शिक्षण व प्रारंभीचे कार्य : हॅडलो यांचा जन्म अमेरिकेतील ओहायओ राज्यात झाला. ओहायओ राज्य विद्यापीठाची पशुवैद्यक पदवी त्यांनी १९४८ मध्ये संपादन केली. १९५२ मध्ये ते माँटॅना राज्यातील हॅमिल्टन या लहानशा गावी असलेल्या रॉकी माउंटन प्रयोगशाळेत रुजू झाले. गोचिडांमुळे माणसास होणाऱ्या एका घातक ज्वराच्या अभ्यासातून ही प्रयोगशाळा उभी राहिली होती. तेथे कीटकवैज्ञानिक, सूक्ष्मजीववैज्ञानिक, वैद्य व पशुवैद्य एकाच छपराखाली काम करीत. मानवी रोग आणि प्राण्यांचे रोग यांचा एकत्र विचार करण्याची सवय हॅडलो यांना येथील वातावरणात लागली असावी.

स्क्रॅपी रोग : मेंढ्यांचा स्क्रॅपी हा रोग यूरोपात अठराव्या शतकापासून माहीत आहे. रोगी मेंढी खाज सुटल्यामुळे कुंपणाला व झाडाला अंग घासते, त्यामुळे तिची लोकर गळते. पुढे तिचा तोल जाऊ लागतो, अंग थरथरते व काही महिन्यांत ती मरते. ताप येत नाही आणि शवपरीक्षेत उघड्या डोळ्यांना विशेष काही दिसत नाही. फ्रान्समधील बेनवा व मॉरेल यांनी १८९८ मध्ये रोगी मेंढ्यांच्या तंत्रिका कोशिकांत (मज्जापेशींत) रिक्तिका, म्हणजे रिकाम्या बुडबुड्यांसारख्या पोकळ्या, असतात असे दाखविले. मात्र निरोगी मेंढ्यांच्या मेंदूतही अशा रिक्तिका क्वचित आढळतात. त्यामुळे त्यांची संख्या, स्थान व स्वरूप पाहूनच निदान करावे लागते. येथे विकृतिवैज्ञानिकाच्या सरावलेल्या दृष्टीची कसोटी लागते.

हा रोग आनुवंशिक की सांसर्गिक, हा वाद दीर्घकाळ चालला. कुईले व शेल या फ्रेंच पशुवैद्यांनी रोगी मेंढीच्या मेंदूचा व मेरुरज्जूचा अर्क निरोगी मेंढ्यांना टोचून १९३६ मध्ये रोगाचे संक्रामण सिद्ध केले. रोग दिसून येण्यास एक ते दोन वर्षे लागली. इतका काळ थांबण्याची चिकाटी पूर्वीच्या संशोधकांनी दाखविली नव्हती. याच सुमारास ब्रिटनमध्ये एक दुर्घटना घडली. मेंढ्यांच्या दुसऱ्या एका मेंदुविकारावर डब्ल्यू. एस. गॉर्डन यांनी लस तयार केली होती. ती मेंढ्यांच्या मेंदू, मेरुरज्जू व प्लीहा यांपासून बनवीत आणि त्यातील व्हायरस निष्क्रिय व्हावेत म्हणून तीत फॉर्मॅलीन मिसळीत. १९३५ मध्ये या लसीच्या १८,००० हून अधिक मात्रा टोचण्यात आल्या. त्यांपैकी एका गटातील लस टोचलेल्या मेंढ्यांना सु. दोन-अडीच वर्षांनी स्क्रॅपी झाला. लसीसाठी वापरलेल्या मेंढ्यांपैकी काहींना हा रोग होता आणि फॉर्मॅलिनानेही त्याचे कारक नष्ट झाले नव्हते. या कारकाचे असाधारण टिकाऊपण यावरून प्रथमच लक्षात आले.

कॉम्प्टन येथील संशोधन : अमेरिकेत आयात मेंढ्यांमार्फत १९४७ मध्ये स्क्रॅपीचा प्रवेश झाल्याचे आढळले, तेव्हा तेथील कृषी खात्याला या रोगाच्या अभ्यासाची निकड भासू लागली. त्यासाठी हॅडलो यांना १९५८ मध्ये इंग्लंडमधील बर्कशर परगण्यातील कॉम्प्टन येथील संशोधन केंद्रात पाठविण्यात आले. गॉर्डन हे त्या वेळी तेथील संचालक होते. मेंढ्यांच्या २४ जातींच्या हजाराहून अधिक मेंढ्यांना स्क्रॅपीचे संक्रामण करून त्यांच्या रोगग्रहणक्षमतेची तुलना करण्याचा मोठा प्रयोग त्यांनी सुरू केला होता. त्याच्या जोडीला बकऱ्यांवरही प्रयोग चालू होते. मेलेल्या जनावरांच्या मेंदूचे शेकडो छेद तपासणे हे हॅडलो यांचे नित्याचे काम बनले. रिक्तिकांनी भरलेल्या तंत्रिका कोशिका, त्यांच्या भोवती वाढलेल्या तारकाकार आधार-कोशिका आणि दाहाच्या खुणांचा जवळजवळ अभाव ही या रोगाची त्रिसूत्री त्यांच्या नजरेत पक्की बसली.

कुरू रोग : दरम्यान जगाच्या दुसऱ्या टोकास एक मानवी रोग उजेडात आला होता. न्यू गिनीच्या पूर्वेकडील डोंगराळ भागातील फोरे जमातीत कुरू नावाचा रोग फैलावला होता. फोरे भाषेतील या शब्दाचा अर्थ थरथरणे असा असून भारतीय परंपरेतील ‘कुरु’ या नावाशी त्याचा संबंध नाही. रोगी व्यक्तीचा प्रथम तोल जाई, मग अंग कापू लागे, पुढे बसणे व गिळणे अशक्य होऊन साधारणपणे वर्षभराच्या आत मृत्यू येई. रोगी बहुतेक स्त्रिया व मुले असत. डॅनियल कार्लटन गायडूशेक व व्हिन्सेंट झिगास यांनी १९५७ मध्ये या रोगाचे वर्णन वैद्यकीय जगापुढे मांडले. मेंदूत दाहाची चिन्हे नव्हती, ताप नव्हता व कोणताही सूक्ष्मजीव सापडत नव्हता. त्यामुळे आनुवंशिकता, विषबाधा किंवा आहारातील उणीव अशी कारणे पुढे आली. काही कुटुंबांतच रोग दिसत असल्याने आनुवंशिकतेचा तर्क विशेष बळकट वाटत होता.

१९५९ च्या उन्हाळ्यात हॅडलो यांचे हॅमिल्टन येथील सहकारी विल्यम जेलिसन इंग्लंडला आले. लंडनच्या वेलकम वैद्यकीय संग्रहालयात त्यांनी कुरू रोगावरील प्रदर्शन पाहिले होते. ते पाहण्यासारखे आहे, असे त्यांनी हॅडलो यांना सुचविले. प्रदर्शनातील मेंदूच्या छेदांच्या छायाचित्रांत हॅडलो यांना कोशिकांतील तशाच रिक्तिका दिसल्या. मानवी मेंदूच्या विकृतींत हे दृश्य फार विरळ. मेंढीच्या मेंदूत मात्र त्यांनी ते रोज पाहिले होते. त्यांनी कुरूवरील उपलब्ध शोधनिबंध मिळवून वाचले व दोन्ही रोगांतील साम्यस्थळांची जुळणी केली.

ही जुळणी त्यांनी एका लहानशा पत्राद्वारे प्रसिद्ध केली. ते द लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकाच्या ५ सप्टेंबर १९५९ च्या अंकात छापले गेले. दोन्ही रोग ठराविक समूहांत टिकून असतात. रोगग्रस्त समूहापासून दूर नेलेल्या व्यक्तीस किंवा जनावरास तो काही काळाने होऊ शकतो. सुरुवात तापाशिवाय व नकळत होते. तोल जाणे व कंप ही प्रमुख लक्षणे असतात. रोग सतत वाढत जाऊन बहुधा मृत्यूच येतो आणि मेंदूतील बदल सारखेच असतात, असे त्यांनी दाखविले. स्क्रॅपीच्या संशोधनात सिद्ध झालेली पद्धत कुरूसाठी वापरावी, म्हणजे रोग्याच्या मेंदूचा अर्क मानवास जवळ असलेल्या एखाद्या प्राण्यास टोचून दीर्घकाळ निरीक्षण करावे, अशी सूचना त्यांनी केली. त्यातील ‘दीर्घकाळ’ हा भाग निर्णायक होता. काही आठवडे वा महिने वाट पाहून प्रयोग निष्फळ ठरविण्याची मानवी वैद्यकातील रीत येथे उपयोगी पडणारी नव्हती. मंद गतीने वाढणाऱ्या अशा संक्रामणांची कल्पना आइसलँडमधील ब्यॉर्न सिगुर्दसन यांनी १९५४ मध्ये मांडली होती. तीही मेंढ्यांच्या रोगांवरूनच.

परिणाम : हॅडलो यांनी हीच माहिती गायडूशेक यांनाही कळविली. गायडूशेक, जोसेफ गिब्ज व मायकेल आल्पर्स यांनी १९६३ मध्ये कुरूने मेलेल्या रोग्यांच्या मेंदूचा अर्क चिंपँझींना टोचला. सु. दीड ते अडीच वर्षांनी त्या चिंपँझींना कुरूसारखा रोग झाला. हा निष्कर्ष १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी क्रॉइट्सफेल्ट–याकोप हा मानवी मेंदूचा विरळ रोगही याच पद्धतीने संक्रामित होतो, असे सिद्ध झाले. फोरे जमातीत मृत आप्तांचे शरीर खाण्याचा अंत्यविधी होता व मेंदू प्रामुख्याने स्त्रिया व मुले यांच्या वाट्यास येत असे. कुरूचा प्रसार त्यातूनच होत होता. हा विधी १९५० नंतरच्या दशकात बंद पडला. तो बंद झाल्यानंतर जन्मलेल्या पिढीत कुरू आढळला नाही, मात्र लहानपणी संक्रामण झालेल्या काही व्यक्तींत तो ५० वर्षांहूनही अधिक काळानंतर उद्‌भवला.

या संशोधनाबद्दल गायडूशेक यांना १९७६ मध्ये वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा हिस्सा मिळाला. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये या रोगांचे कारक न्यूक्लिइक अम्ल नसलेले प्रथिन असावे असे मत मांडून त्यास ‘प्रिऑन’ हे नाव दिले. त्यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हॅडलो यांना हे पारितोषिक मिळाले नाही; परंतु या दोन्ही कार्यांकडे नेणाऱ्या वाटेवरील पहिले निर्णायक पाऊल त्यांच्या पत्राचे होते, हे या विषयाच्या इतिहासात सर्वमान्य आहे.

नंतरचे कार्य : १९६१ मध्ये हॅडलो इंग्लंडहून परतले आणि पुढे हॅमिल्टन येथील प्रयोगशाळेत त्यांनी दीर्घकाळ संशोधन केले. फरसाठी पाळल्या जाणाऱ्या मिंक या प्राण्यातील स्क्रॅपीसदृश मेंदुविकारावर त्यांनी काम केले. त्यांचे सर्वांत चिकाटीचे काम मात्र वेगळेच होते. नैसर्गिक रीत्या स्क्रॅपी झालेल्या मेंढ्या व बकऱ्या यांच्या शरीराच्या कोणकोणत्या भागांत कारक असते व किती प्रमाणात असते, हे त्यांनी सहकाऱ्यांसह उंदरांवरील चाचण्यांनी ठरविले. प्रत्येक ऊतकाचा अर्क उंदरांना टोचून महिनोन् महिने वाट पहावी लागे. सुमारे एक वर्ष वयाच्या कोकरांत कारक प्रथम टॉन्सिल, लसीका ग्रंथी व आतडे यांत असते आणि मेंदूत ते पुष्कळ नंतर पोहोचते, असे त्यांना आढळले. १९८० व १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कोष्टकांची दखल तेव्हा थोड्या तज्ञांनीच घेतली.

त्यांची उपयुक्तता लवकरच पटली. १९८६ मध्ये इंग्लंडमधील वेब्रिज येथील केंद्रीय पशुवैद्यक प्रयोगशाळेतील विकृतिवैज्ञानिकांना गाईंच्या मेंदूत स्क्रॅपीसारख्या रिक्तिका दिसल्या. जेरल्ड वेल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये या नव्या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी गुरांच्या खाद्यात मिसळली जात असे. रोगाचा प्रसार त्यामुळे होत होता. जुलै १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना असे खाद्य देण्यास बंदी करण्यात आली. गाईंचे मेंदू, मेरुरज्जू, प्लीहा, टॉन्सिल, आतडे इ. भाग मानवी आहारातून वगळण्याचा निर्णय १९८९ मध्ये झाला. कोणते भाग वगळावयाचे हे ठरविताना गाईंवरील पुरावा उपलब्ध नव्हता. हॅडलो यांनी मेंढ्या-बकऱ्यांवरून तयार केलेल्या कोष्टकांचाच मुख्यतः आधार घ्यावा लागला. हा रोग माणसास झाला असण्याची दाट शक्यता असल्याचे २० मार्च १९९६ रोजी ब्रिटिश शासनाने जाहीर केले. ब्रिटनमध्ये १,८०,००० हून अधिक गाईंत रोगाचे निदान झाले व पावणेदोनशेहून अधिक माणसे त्याच्या मानवी प्रकाराने दगावली. प्राण्यांच्या रोगाविषयीचे ज्ञान आधीच हाती असणे किती मोलाचे असते आणि ते अमलात आणण्यास लागलेला विलंब किती महाग पडतो, या दोन्ही गोष्टी या घटनेने दाखविल्या.

भारतातील स्थिती : भारतात हिमालयाच्या पायथ्याकडील दुर्गम भागातील मेंढ्यांत स्क्रॅपी आढळल्याची नोंद झ्लॉट्निक व कटियार यांनी १९६१ मध्ये केली. या निदानाचा आधारही सूक्ष्मदर्शकाखालील मेंदूचे छेदच होते. भारतात पशुविकृतिवैज्ञानिक होण्यासाठी साडेपाच वर्षांची पशुवैद्यक पदवी, त्यानंतर विकृतिविज्ञानातील पदव्युत्तर पदवी आणि बहुधा विद्यावाचस्पती (पीएच्. डी.) हा क्रम आहे. महाराष्ट्रातील पशुवैद्यक महाविद्यालये २००० साली स्थापन झालेल्या नागपूर येथील महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. अध्यापन, शासकीय रोगनिदान प्रयोगशाळा, लसनिर्मिती केंद्रे, नव्या औषधांची प्राण्यांवरील सुरक्षितता तपासणाऱ्या औषधनिर्मिती संस्था व वन्य प्राण्यांचे आरोग्य ही या तज्ञांची प्रमुख कार्यक्षेत्रे होत. रेबीज, काळपुळी व पक्ष्यांचा फ्ल्यू हे माणसास होऊ शकणारे रोग असल्याने तपासणीसाठी आलेले प्रत्येक शव पुरेशी दक्षता घेऊनच हाताळावे लागते.

समालोचन : हा व्यवसाय प्रसिद्धीपासून दूर असतो. विकृतिवैज्ञानिकाचा अहवाल आला, की त्यावरून उपचार दुसरा करतो व बंदी वा लसीकरणाचा आदेश तिसऱ्याच्या सहीने निघतो. हॅडलो यांच्या हाती १९५९ मध्ये कोणतेही नवे उपकरण नव्हते. जे छेद इतर तज्ञांनीही पाहिले होते, तेच त्यांनी पाहिले. इतरांनी ते केवळ मानवी मेंदूच्या छेदांशी ताडून पाहिले, हॅडलो यांनी ते मेंढीच्या मेंदूशी ताडून पाहिले. ही तुलना करता येण्यासाठी लागणारी वर्षांची मेहनत एका दुर्लक्षित, आर्थिक दृष्ट्या किरकोळ वाटणाऱ्या रोगावर खर्च झाली होती. अशा रोगांचा अभ्यास चालू ठेवणारी प्रयोगशाळा व त्यासाठी शिकविलेली माणसे हाताशी असणे, हे पशुधनाइतकेच लोकांच्या आरोग्याचेही संरक्षण होय.